आइनोचा फोन नागपूरहून आला

आइनोच्या दाराला कुलूप होतं.

शाल्मलीने तीनदा घंटी वाजवली, खिडकीतूनही डोकावून पाहिलं. फिनलंडमधल्या तुर्कू शहरात ती आजीबरोबर आली होती, ती फक्त या दारासाठी. मधुराआजी दूरसंचार अभियंता. चाळीस वर्षांपूर्वी ती आणि आइनो बर्फातल्या एका फोनच्या मनोऱ्यावर जोडीने काम करत. त्यानंतर भेट होणार होती ती आज. परतीचं जहाज चारला होतं आणि आता अडीच वाजले होते.

"आजी, फोन लाव ना तिला."

"तिचा फोन घरातच असतो. बाहेर पडताना काही बाळगत नाही ती बाई. पण माझा नंबर तोंडपाठ आहे तिला. असेल तिथून तीच करेल."

शाल्मलीचा चेहरा पडला. सकाळी दुसऱ्या शहरातल्या हॉटेलातून निघताना तिने आजीच्या मनगटफोनात (घड्याळासारखा बांधायचा फोन) इथला नवा नंबर घालून दिला होता आणि जुना बंद केला होता. शहाणपणा अंगाशी आला होता. तिने खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

"हात्तिच्या, एवढंच ना? कर चालू परत."

शाल्मलीने नंबर चालू केला. "पण आपला नागपूरचा नंबर इथे सापडणार कसा? आपण इथे आहोत हे नागपूरच्या कंपनीला कुठे माहीत आहे?"

आजी पायरीवर ऐसपैस बसली. "मामाकडे पोचलीस की आधी काय करतेस?"

"आईला पोचल्याचा फोन."

"हा फोनही तेच करतो. चालू झाला की जवळच्या मनोऱ्याला हाक मारतो. इथलं फोनचं जाळं त्याला ओळखत नाही. म्हणून ते आपल्या गृहजाळ्याला (ज्या कंपनीने नंबर दिला, तिच्या जाळ्याला) विचारतं, 'हा तुमचाच का?' नागपूर म्हणतं, 'आमचाच. राहू द्या.' आणि नोंद करून ठेवतं, सध्या मुक्काम तुर्कू. याला म्हणतात रोमिंग (परक्या जाळ्यात पाहुणं होऊन राहणं)."

"म्हणजे तुला कुणी फोन केला की..."

"आधी नागपूरला विचारणा. तिथे नोंद बघायची आणि फोन इकडे पाठवायचा. क्षणभराचं काम."

"म्हणजे आइनो शेजारच्या गल्लीत असली, तरी तिचा फोन नागपूरहून येणार?"

"येणार तर."

शाल्मली थक्क झाली. तिने मनगटफोनाकडे इतक्या आदराने कधी पाहिलं नव्हतं. आजी मात्र आता रस्त्याकडे बघत होती.

तीनला पाच मिनिटं असताना फोन वाजला.

"मधुरा, आहेस कुठे तू?" कानातल्या दुभाष्याने (भाषा बदलून सांगणाऱ्या यंत्राने) आइनोचं बोलणं मराठीत सांगितलं. "सकाळपासून स्टेशनवर बसले आहे. मदतकक्षातून दोनदा फोन केला, लागलाच नाही."

"स्टेशनवर कशाला गेलीस? आम्ही बसने आलो."

"सकाळी फोन ठेवताना तूच म्हणालीस, 'बरं, येते हं.' मला वाटलं, निघालीच. म्हणून गाडीवर घ्यायला आले."

आजीने कपाळावर हात मारला. निरोप घेताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो, हे दुभाष्याला कोण शिकवणार? "बस तिथेच. आता खरंच येते."

स्टेशन दहा मिनिटांवर होतं. झपाझप चालताना शाल्मलीने विचारलं, "मी मंगळावर गेले, तर तिथेही सापडेन?"

"नागपूरला विचारून उत्तर यायलाच कितीतरी मिनिटं जातील. तिथे नोंद ठेवायची दुसरी तऱ्हा शोधावी लागेल. ते तुम्ही करायचं."

"करेन," शाल्मली म्हणाली, आणि तिला ते अगदी मनापासून वाटलं.

स्टेशनच्या बाकावरून एक उंच म्हातारी उठून उभी राहिली. आजीने दुभाषा कानातून काढून शाल्मलीच्या हातात कोंबला आणि गुडघेदुखी विसरून चक्क पळत सुटली.