कोणत्या कॅसेटमध्ये कोणती आजी?

“थांब, थांब! रिवाइंड कर!” उत्तरानं हेडफोन कानावर घट्ट दाबला. “ती आजी आत्ता ‘गुरो’ म्हणाली!”

“गुरं? गाई-गुरं?” प्रसन्ननं विचारलं.

“गुरो! म्हणजे टीचर, बावळट!”

१९८६चा जून महिना होता. अमेरिकेत ॲन आर्बरच्या शाळांना सुटी लागली होती. बारा वर्षांची उत्तरा, तिचा धाकटा भाऊ प्रसन्न आणि शेजारचा नरेंद्र असे तिघं लायब्ररीच्या तळघरात व्हॉलंटिअर म्हणून मदत करत होते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मातृभाषा टेप करून ठेवायच्या, असा तिथला प्रोजेक्ट. पण पंधरवड्यापूर्वी पाइप फुटला, तळघरात पाणी शिरलं आणि दोन कॅसेटींवरची लेबलं पार धुऊन निघाली. एक कॅसेट होती फिलिपिनो आजींची, दुसरी स्लोव्हाक आजींची.

फिलिपिनो आजी गेल्या आठवड्यात वारल्या होत्या. त्यांची मुलगी तेरेसिता हॉस्पिटलमध्ये नर्स होती. शनिवारच्या प्रार्थनासभेत तिला आईचा आवाज ऐकवायचा होता. स्लोव्हाक आजी ठणठणीत होत्या, पण त्यांना आपलं बोलणं पसंत पडलं नव्हतं. त्या येत्या सोमवारी नव्यानं बोलणार होत्या, म्हणून त्यांची जुनी कॅसेट आज बारा वाजता पुसायची होती.

प्रोजेक्टच्या मिस्टर कॉबलनी दोन्ही कॅसेटी दोन-दोन सेकंद ऐकल्या, खांदे उडवले आणि अंदाजानं नवी लेबलं चिकटवली.

“ही गुरोवाली कॅसेट कुठली?” नरेंद्रनं विचारलं.

उत्तरानं लेबल वाचलं. “स्लोव्हाक.”

“मग बरोबर आहे, यार! बाबा सांगतात, स्लोव्हाक ही आपल्या मराठीची लांबची नातेवाईक आहे. म्हणून गुरू!”

“आणि चेहऱ्याला ती ‘मुखा’ म्हणते.”

“बघ! मुख! केस क्लोज्ड!”

नरेंद्र तेरा वर्षांचा होता. त्याच्या केसेस फार लवकर क्लोज होत. उत्तराला मात्र पटेना. तिनं दुसरी कॅसेट लावली. सगळ्यांना आधी इंग्रजीतून तेच ठरावीक शब्द विचारलेले होते, त्यामुळे तिनं कागदावर दोन रकाने पाडले आणि ऐकेल तसं लिहीत गेली. ‘दोन’ला पहिली आजी म्हणाली ‘दलावा’, दुसरी ‘द्वा’. ‘तीन’ला ‘तत्लो’ आणि ‘त्री’. ‘दार’ला ‘पिंतो’ आणि ‘द्वेरे’. ‘बोट’ला ‘दालिरी’ आणि...

“प्र्स्त! यात स्वरच नाही!” प्रसन्न दचकला. “शिंकली का ती?”

“गंमत नको. द्वा, त्री, द्वेरे! दोन, तीन, दार! हीसुद्धा मराठीसारखीच आहे!”

“दोन्ही कशा नातेवाईक असतील?” नरेंद्र आता जरा गोंधळला.

उत्तरा पेन्सिल चावत बसली. मग हळूच म्हणाली, “आपण पाव म्हणतो, चावी म्हणतो. आई सांगते, हे शब्द पोर्तुगीजांच्या जहाजांतून आले. पण दोन आणि तीन कुणी जहाजातून आणले नाहीत. ते आपले घरचे.”

“म्हणजे पाव पाहुणा!” प्रसन्न म्हणाला.

“गुरोवाल्या आजीचे दलावा, तत्लो काही आपल्यासारखे नाहीत. मग तिच्याकडे गुरो हा तसाच पाहुणा असेल तर? आपल्याकडून जहाजानं गेलेला?”

तिघंही पळत वर गेले. वाचनकक्षात मोठा पृथ्वीगोल होता. फिलिपिन्स सापडलं, नुसती बेटंच बेटं! नरेंद्रनं गोल फिरवला आणि स्लोव्हाक आजींच्या चेकोस्लोव्हाकियाभोवती बोट फिरवलं.

“अरे! याला समुद्रच नाही!”

“मग जहाज येणार कुठून?” उत्तरा म्हणाली. “लेबलं उलटी लागलीत!”

घड्याळात अकरा पन्नास झाले होते.

तिघं धावत तळघरात परतले. सगळं ऐकून मिस्टर कॉबल हसले. “मुलांनो, पृथ्वीगोल बघून भाषा ठरत नाही. लेबल ते लेबल.”

“तेरेसितांना फोन करून विचारा ना!”

“दुःखात असलेल्या बाईला कामावर त्रास द्यायचा? मुळीच नाही. ती कॅसेट आणा इकडे!”

प्रसन्ननं कॅसेट आणली, पण वाटेत पाठ फिरवून एक काम उरकलं. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन इवलेसे तुकडे असतात. ते मोडले की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही.

कॉबलनी बटण दाबलं. ते हलेना! त्यांनी मशीनला एक चापट मारली.

“मी बघू का? आमच्याकडे हेच मॉडेल आहे,” नरेंद्र गंभीरपणे म्हणाला आणि एकेक वायर काढून पुसू लागला.

तोवर उत्तरा वरच्या पेफोनपाशी पोचली होती. तिनं हॉस्पिटलला फोन लावून तेरेसिताला लाइनवर बोलावून घेतलं. तिनं घाईघाईनं सगळं सांगितलं आणि कॅसेट ऐकून पाठ झालेलं एक वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. “आराव-आराव, नागहिहिन्ताय आको...”

“पुढे?” तेरेसितानं विचारलं.

“पुढचं मला आठवत नाही.”

“कुणालाही हात लावू देऊ नकोस. मी निघाले!”

दहाव्या मिनिटाला ती नर्सच्या पांढऱ्या कपड्यांतच तळघरात उतरली. कॉबल अजून मशीनशी झटत होते. नरेंद्रनं पटकन वायरी जोडून कॅसेट लावली. तिनं हेडफोन घातला, डोळे मिटले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मुलं तिच्याकडे बघत होती.

आणि ती एकदम हसली!

“काय म्हणतात त्या?” उत्तरानं विचारलं.

“म्हणते, रोज रोज मी वाट बघते...” तेरेसितानं डोळे पुसले. “बसची! सांगते, या गावात सगळं चांगलं आहे, पण सात नंबरची बस काही वेळेवर येत नाही.”

कॉबलनी दोन्ही लेबलं खरवडून काढली. मग कॅसेट निरखून पाहिली. “हे तुकडे कुणी मोडले?”

प्रसन्ननं हात वर केला.

“शाब्बास!” कॉबल म्हणाले. “मी ऐकलंच नाही. तुम्ही ऐकलंत.”

तेरेसितानं तिघांनाही जवळ घेतलं. कामावर परत जायला तिला उशीर होत होता. तरी ती खुर्ची ओढून बसली आणि तिनं कॅसेट पहिल्यापासून लावली. या वेळी हेडफोन काढून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.