सातुर्निनोचा दांडका

खोटं वाटलं तर वाटू दे. एलेउतेरिया माझी सख्खी मावशी आहे, आणि ते टेबल मी पाहिलंय.

पोतोसी शहराच्या वरचा रेल्वेचा घाट. एक नोव्हेंबर, भर दुपार.

आमच्याकडे मेलेली माणसं रात्री येत नाहीत. या दिवशी दुपारी बरोबर बाराला येतात. त्यांच्यासाठी मांडलेलं खातात, पितात, दुसऱ्या दिवशी बाराला जातात. असं मेल्यानंतर तीन वर्षं, दर वर्षी. मग कायमचा निरोप.

मावशीचा नवरा सातुर्निनो मालगाडीवर ब्रेकवाला होता. उतारावर ब्रेकच्या हवेचा नळ फुटला. बाकीच्यांनी उड्या मारल्या. तो शेवटच्या डब्यावर हातब्रेकचं चाक आवळत राहिला...

दरीपर्यंत.

नुसत्या हातांनी. चाकात अडकवून जोर लावायचा दांडका घरी होता. सणाचे पाव भाजताना भट्टीचं दार टिकेना, म्हणून मावशीने त्याचा टेकू दिला होता.

"असू दे गं, एक दिवस हातानं फिरवीन," तो हसला होता. "पाव करपले तर तुझी आई मला जिवंत सोडायची नाही."

पहिलं वर्ष. पाव तसेच. पेल्यातलं पाणी तसंच.

दुसरं.

तसंच.

तिसऱ्या वर्षी नणंद ग्रेगोरिया म्हणाली, "वहिनी, एवढे पाव? दादा काय अख्खी गाडी घेऊन येणारे?"

आणि जीभ चावली.

मावशीने पावांशेजारी दांडका ठेवला. "आज नाही आला तर कधीच नाही."

बारा.

वारा पडला. कुत्रं भुंकता भुंकता गप्प झालं...

छपरावर... कट्.

ब्रेकच्या चाकाचा लोखंडी दात सरकावा तसं. कट्... कट्...

"दादा?" ग्रेगोरिया पुटपुटली.

मावशी रडता रडता हसली. "आलास! सातु, आधी पाणी पी. बस जरा. माझं चुकलं रे..."

आवाज थांबला.

तिने टेबलाकडे पाहिलं. पाणी काठोकाठ. पावाला बोटही लागलेलं नव्हतं.

दांडका नव्हता.

मग पुन्हा छपरावर... आता भराभर, जोर लावून. कट् कट् कट्... घाटाच्या दिशेने, खाली, लांब.

"अरे, एक घोट तरी!" ती दारापर्यंत धावली.

त्याला गाडी थांबवायची होती.

याला नऊ वर्षं झाली. मावशी अजून पेला भरते. "तीन वर्षं कधीच सरली, मावशी," मी गेल्या वर्षी म्हणालो.

तिने ओठांवर बोट ठेवलं.

रूळ केव्हाच उखडून नेलेत. तरी बाराला, खाली घाटात...

कट्.

मी पेल्याकडे पाहिलं.

काठोकाठ.