चिठ्ठी नाही म्हणजे सगळं ठीक

रविवारी दुपारी साडेबाराला नगरपालिकेच्या अध्यक्षताई मावशीच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. ताई निवडून येण्याआधी वीस वर्षं शिलाईचं दुकान चालवत होत्या. एक टाका वाकडा गेला तरी अख्खी शिवण उसवणाऱ्या. मावशीने चपला पाहिल्या आणि खुर्ची पुढे ओढली.

मावशी खासगी तपासाची कामं करायची. साठी उलटलेली, अंगाने काटकुळी आणि जिभेने त्याहून काटेरी. तिची गाडी तिचा भाचा गोटू चालवायचा. नाव गोटू असलं तरी वय बेचाळीस, आणि वजन विचारायची सोय नव्हती. मावशी विचार करायची आणि गोटू चुकीचे अंदाज बांधायचा. अशी दोघांची वाटणी होती आणि ती दोघांनाही मान्य होती.

"एकतीस मुलं दवाखान्यात आहेत," ताई म्हणाल्या. "गाव म्हणतंय, मी जाणूनबुजून खराब पाणी पाजलं त्यांना. पाच वाजता सभा बोलावलीये. राजीनामा घेतल्याशिवाय सोडणार नाहीत. खुर्ची गेली तर जाऊ दे हो. पण मी असं केलं नाही, एवढं कुणीतरी सांगा त्यांना."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून गोटूच्या हातातला चहा तसाच गार झाला.

ताई दर आठवड्याला गावाला एक पत्र लिहायच्या. एक पान. कुठला रस्ता खोदलाय, कुठे दिवे लागले, कुणाचं कुत्रं हरवलंय, कुणाची मुलगी पहिली आली. रविवारी सकाळी सातला ते घराघरात पडायचं आणि लोक ते वर्तमानपत्राआधी वाचायचे. पत्र शुक्रवारीच लिहून व्हायचं. शनिवारच्या कार्यक्रमाचं वर्णनसुद्धा शुक्रवारीच, 'झाला', 'आले', 'केलं' असं लिहून. शुद्धलेखन तपासायचे मास्तर, तेही शुक्रवारी. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं.

फक्त शेवटची ओळ, पाण्याची, शनिवारी ठरायची. 'पाणी पिण्यास योग्य आहे' ही ओळ छापखान्यात कायमची तयार असे. काही बिघाड असला तर ताई पिवळ्या कागदावर चिठ्ठी लिहून पालिकेच्या व्हरांड्यातल्या लाकडी पेटीत टाकायच्या. पाच वाजता छापखानेवाले पेटी बघायचे. चिठ्ठी नाही म्हणजे सगळं ठीक. ही रीत चौघांनाच माहीत होती: ताई, हेडक्लार्क, मास्तर आणि छापखानेवाले.

काल तीन वाजता टाकीवाल्याचा फोन आला. शाळेकडे पाणी देणारी वरची टाकी धुतली, पण धुवायचं औषध आत राहिलं. दोन दिवस पाणी वापरा, पण पिऊ नका. ताईंनी साडेतीनला चिठ्ठी लिहिली, पेटीत टाकली आणि बागेत नव्या बाकाच्या उद्घाटनाला गेल्या. कार्यक्रम चार ते साडेपाच. फोन पर्समध्ये, आवाज बंद करून. छापखानेवाल्यांचे तीन फोन येऊन गेले, ते त्यांना घरी गेल्यावर दिसले. उलट फोन केला तर छापखान्यात यंत्राच्या धडधडीत कुणी उचलला नाही.

"मला वाटलं, चिठ्ठी मिळाली का एवढंच विचारत असतील," ताई म्हणाल्या. "चिठ्ठी तर मी टाकलीच होती. आणि आता टाकीवाला शपथेवर सांगतोय की त्याने मला कळवलं होतं. म्हणजे मला माहीत होतं, आणि मी लपवलं. सकाळपासून मलाच वाटायला लागलंय, मी लिहिली तरी होती का ती चिठ्ठी?"

गोटूने पत्र मोठ्याने वाचलं. "'काल बागेतल्या नव्या बाकाचं उद्घाटन झालं. गावातल्या थोरल्या आजींनी फीत कापली, बाकावर बसल्या, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आज सकाळी नऊला आपल्या शाळेला चाळीस वर्षं पूर्ण होत आहेत, सर्वांनी यावं. पाणी पिण्यास योग्य आहे.'"

शेवटचं वाक्य वाचून त्याने कागद उलटा ठेवला. शाळेच्या त्या समारंभात उन्हात उभी राहून मुलं घटाघटा पाणी प्यायली होती. साडेदहाला पहिली उलटी, आणि अकराला अंगणभर आडवी पडलेली पोरं.

"चल," मावशी म्हणाली. "आधी ज्यांना लागलंय त्यांच्याकडे."

दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर नर्स धावतच बोलत होती. वर मुलांचा वॉर्ड भरला होता, आता व्हरांड्यात गाद्या टाकत होते. एक खाट तरी रिकामी करता आली असती, ती म्हणाली, पण खालच्या कोपऱ्यातल्या थोरल्या आजींना काल दुपारी दोनपासून सलाइन लावलंय, त्यांना हलवणार कसं? त्यांचंही पोटच बिघडलं होतं, पण आम्ही वयावर ढकललं. बोलता बोलता ती निघूनही गेली.

वरच्या मजल्यावर मास्तर भेटले. शाळा त्यांनीच काढलेली, दोन खोल्यांत. निम्म्या गावाने त्यांच्या हातची छडी खाल्लेली, आणि तेवढ्यांनीच नंतर त्यांच्या पाया पडून लग्नं केलेली. खाटेवर त्यांची आठ वर्षांची नात होती, डोळे मिटलेले. सगळ्या मुलांत तिचीच तब्येत जास्त बिघडली होती. समारंभात ती गाणार होती, घसा कोरडा पडू नये म्हणून मास्तरांनीच तिला दोन पेले पाणी जास्त पाजलं होतं.

मावशीने अगदी हळू विचारलं, काल चार ते पाच तुम्ही कुठे होतात. मास्तरांनी नातीवरची नजर हलवली नाही.

"बागेत. सगळं गावच होतं ना. आजींनी फीत कापली, बाकावर बसल्या. मीही बसलो शेजारी दोन मिनिटं. हात धरला त्यांनी माझा." मग ते म्हणाले, "ताईंना म्हणावं, त्यांची काही चूक नाही."

बाहेर आल्यावर गोटूने डोळे पुसले. एवढा मोठा माणूस, आणि या स्थितीतही ताईंची बाजू घेतो, असं तो म्हणाला. मावशी जिना उतरायला लागली.

हेडक्लार्क मात्र कुणाची बाजू घ्यायच्या मनःस्थितीत नव्हता. टाकी धुवायचं काम त्याच्या देखरेखीखाली झालं होतं, आणि चिठ्ठी छापून आली असती तर पहिला त्याचाच कान पकडला गेला असता. हे त्याने स्वतःच सांगितलं, वर घाम पुसत. पण मी बागेत होतो, म्हणाला. कार्यक्रमाचा नुसता बोजवारा. कात्री आणायलाच कुणी विसरलं, शेवटी माळ्याने कुंपण छाटायच्या कात्रीने फीत कापली. आणि बाकाचा रंग ओला! पहिला मीच बसलो ना, मला हौस. मला बघून मग कुणीच बसलं नाही. दाराला कालची पँट लटकत होती, ती त्याने उलटी करून दाखवली. मागे हिरव्या पट्ट्यांची अख्खी रांग उमटली होती. एवढ्या दुःखात गोटूला हसू आलं आणि लगेच त्याची लाजही वाटली.

छापखानेवाले सगळ्यांत जास्त चिडलेले. पुढच्या निवडणुकीत ते ताईंच्या विरोधात उभे राहणार, हे गावात शेंबड्या पोराला माहीत. ते म्हणाले, पाचला पेटी उघडली, रिकामी. तरी मन मानेना, म्हणून ताईंना तीनदा फोन केला. उचलला नाही. रीतीप्रमाणे तयार ओळ टाकली. "माझ्या हाताने छापलंय मी ते," ते म्हणाले, आणि शाई लागलेल्या तळव्यांकडे बघत राहिले.

गाडीत बसल्यावर गोटूने आपला अंदाज जाहीर केला. छापखानेवालाच. वैर आहे, पेटीही त्यानेच उघडली. चिठ्ठी खिशात घातली की काम फत्ते.

"आणि मग ज्या बाईला बुडवायचं तिलाच तीनदा फोन केला?" मावशी म्हणाली. "तिने एकदा उचलला असता तर? पंक्चर करणारा माणूस हवा भरायला पंप घेऊन धावतो का रे?"

"मग हेडक्लार्क."

"तो बागेत होता. हातच्या काकणाला आरसा कशाला, त्याची पँट पाहिलीस ना." मावशीने चष्मा पुसला. तिचा आवाज एकदम खाली गेला. "दवाखान्यात जा आणि मास्तरांना घेऊन ये. नीट आण. म्हातारा माणूस आहे."

गोटूचा हात किल्लीवरच राहिला. त्याला तिसरीत मास्तर होते.

साडेचारला पालिकेच्या मागच्या खोलीत पाच खुर्च्या मांडल्या होत्या. पलीकडच्या सभागृहातून लोकांचा आवाज येत होता. गोटू मास्तरांना घेऊन आला आणि मावशीच्या कानाशी लागला. नातीने डोळे उघडले, तो म्हणाला, धोका टळला. पहिल्यांदा पाणी मागितलं तिने. मास्तरांनी पेला घेतला, पण तो तिच्या ओठांपर्यंत नेईनात, शेवटी नर्सने तो काढून घेतला.

मावशीने मान हलवली आणि ती उभी राहिली.

"चिठ्ठी होती," ती म्हणाली. "नसती तर कुणाला खोटं बोलायची गरज पडली नसती. आणि एक माणूस खोटं बोललाय. चार ते पाच पालिका रिकामी होती, सगळं गाव बागेत. पेटीतल्या एका कागदाची किंमत चौघांनाच माहीत. ताईंनी तो टाकला. छापखानेवाले तो शोधत तीन फोन करत होते. हेडक्लार्क ओल्या बाकावर बसले होते. आता बागेत काय झालं ते बघा. फीत माळ्याने कापली. बाकावर हेडक्लार्कशिवाय कुणी बसलं नाही. थोरल्या आजी आल्याच नाहीत. काल दुपारी दोनपासून त्या दवाखान्यात आहेत, याच पाण्यामुळे."

ताईंनी तोंडावर हात नेला. "निरोप आला होता मला बागेत," त्या पुटपुटल्या. "आजींना बरं नाही म्हणून. पत्रातलं बदलायचं राहून गेलं."

"राहिलं म्हणूनच सापडलं. आजींनी फीत कापली आणि त्या बाकावर बसल्या, हे जगात एकाच ठिकाणी घडलं. शुक्रवारी लिहिलेल्या कागदावर. जो बागेत नव्हता आणि ज्याने तो कागद अक्षर न् अक्षर तपासला होता, त्याला वाटलं की तसंच झालं असणार. अकरा वर्षांत ताईंचं लिहिलेलं कधी खोटं ठरलं नव्हतं."

ती मास्तरांकडे वळली. "आजींनी तुमचा हात धरला म्हणालात, मास्तर."

हेडक्लार्क उभा राहिला, परत बसला. छापखानेवाल्यांच्या तोंडून शब्द फुटला तो "नाही" एवढाच. तेही मास्तरांचेच विद्यार्थी होते.

मास्तरांनी शर्टाच्या आतल्या खिशातून एक छोटी वही काढली. वहीत चार घड्या घातलेला पिवळा कागद होता. त्यांनी तो टेबलावर ठेवून तळहाताने सपाट केला.

"लिहिलेला कागद मी आयुष्यात कधी फाडला नाही," ते म्हणाले.

बाकीचं त्यांनी विचारल्याशिवायच सांगितलं. समारंभासाठी पालिकेतून माइक न्यायला ते सव्वाचारला आले. पेटी दिसली, शुद्धलेखन बघायच्या सवयीने उघडली, चिठ्ठी वाचली. चाळीस वर्षांची शाळा, गावोगावहून येणारे जुने विद्यार्थी, दोन महिन्यांची तयारी. सकाळी हे पत्र घराघरात पडलं की एकही आईबाप पोराला पाठवणार नाही. मागे दोनदा अशी चिठ्ठी निघाली होती आणि दोन्ही वेळा कुणाला काही झालं नव्हतं. ताई उगाच घाबरतात, असं वाटलं. एक दिवस उशिरा कळलं तर काय बिघडतंय.

"मी पाहिलं ते फक्त शुद्धलेखन," मास्तर म्हणाले. "मजकुरावर विश्वासच ठेवला नाही."

ताईंनी कागद उचलला. आपलंच अक्षर त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग सकाळपासून पहिल्यांदाच त्या रडल्या. सुटल्या म्हणून की मास्तरांसाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पाच वाजले. सभागृहातले आवाज वाढले. ताई डोळे पुसून दाराकडे निघाल्या, तेव्हा मास्तर म्हणाले, "तुम्ही थांबा, ताई. मी वाचतो."

त्यांना व्यासपीठावर चढताना पाहून लोक आदराने उठले. मास्तरांनी त्यांना बसायची खूण केली, वर्गात करत तशीच, आणि कागद डोळ्यांपुढे धरला. वरच्या टाकीचं पाणी पिऊ नये. मुलांना देऊ नये. दोन दिवस. मग ही चिठ्ठी शनिवारी कुणी उचलली तेही सांगितलं, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

पाचशे माणसं होती. कुणी ओरडलं नाही. मागच्या रांगेतली एक बाई तेवढी, जिची दोन्ही मुलं दवाखान्यात होती, उठून बाहेर गेली. मास्तर तिच्या मोकळ्या खुर्चीकडे बघत उभेच राहिले, गोटूने येऊन हात धरेपर्यंत.

पत्र अजून निघतं, पण रविवारी नाही, सोमवारी. जे झालं तेवढंच ताई लिहितात, आणि पाण्याची ओळ स्वतः छापखान्यात उभं राहून छापून घेतात. पत्रात हल्ली शुद्धलेखनाच्या चुका असतात. त्याबद्दल गावात कुणी काही बोलत नाही.