नळी संपू देऊ नका

खोटं वाटलं तर वाटू दे. पण हे ज्यांच्या घरात घडलं ते माझे सख्खे मामा आहेत. फौजेच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की हसून उठून जायचा.

आता हसत नाही.

जयपूर. खातीपुऱ्यात स्टेशनच्या मागची गल्ली.

रात्र नव्हती.

मे महिन्यातली भर दुपार होती. लू, म्हणजे तिकडची भाजून काढणारी झळ, अशी सुटली होती की गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

रिटायर झाल्यावर मुरलीधरमामा साताऱ्याला परतले नाहीत. घरामागे पत्र्याची शेड टाकली आणि कॉम्प्युटरवर चालणारं एक छोटं सीएनसी मशीन घेतलं. कुबड्यांना उंची कमी-जास्त करायची भोकं असतात ना, ती पाडायचं काम. अ‍ॅल्युमिनियमची नळी हाताने पुढे सरकवायची, व्हाइसच्या जबड्यांत आवळायची, मशीन भोक पाडणार, मग सैल करायची, पुन्हा सरकवायची. संध्याकाळपर्यंत मामांचं मनगट वळायचं नाही.

संपदाला ते बघवेना. संपदा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. जयपुरातच वाढलेली, इंजिनिअर, गोपालपुऱ्याच्या एका कोचिंग क्लासात फिजिक्स शिकवणारी.

"बाबा, व्हाइस कॉम्प्रेसरच्या हवेवर चालवू. मागून फीडर नळी ढकलेल. तुम्ही नुसतं चाय प्यायची."

"आणि नळी पिचली म्हणजे?"

"नाही पिचणार. जबड्यांना रबर लावतेय ना मी. मतलब, हाताने धरल्यासारखं धरेल."

"तुझ्या आईला असं धरायला शिकव. परवा काचेची बरणी फोडली."

"ऐकू येतंय हं मला!" आतून मामी.

काम अर्ध्यावर आलं होतं. नळी जागेवर पोचली हे मशीनला कळवणारी एक वायर तेवढी जोडायची होती.

"आल्यावर जोडते," म्हणाली आणि संपदा क्लासला गेली.

आली नाही.

परतताना तिला लू लागली. रस्त्यातच कोसळली. लोकांनी हॉस्पिटलात नेलं. मामा-मामी पोचले तेव्हा मास्क लावलेला होता. श्वास यायचा… अडायचा… पुन्हा यायचा.

"अभी कुछ कह नहीं सकते," डॉक्टर म्हणाले.

मामी तिच्याजवळ थांबल्या. संपदाचे जुने रिपोर्ट आणायला मामा घरी आले.

गल्लीत लाइट गेली होती. कूलर बंद, पंखे बंद. इतकी शांतता की स्वतःच्या चपलांचा आवाज मोठा वाटावा.

मामांनी कुलूप काढलं.

आणि मागच्या शेडमधून…

फुस्स.

खट.

फुस्स.

खट.

~

नळी पुढे.
पकड.
भोक.
सोड.

~

मशीन चालू होतं.

लाइट नव्हती.

कॉम्प्रेसरचा काटा शून्यावर. टाकीत हवाच नव्हती. तरी व्हाइसचे जबडे मिटत होते, उघडत होते. फीडर नळी ढकलत होता. नळी पोचल्याचा हिरवा दिवा लागत होता… आणि त्या दिव्याची वायर मोकळी लोंबत होती. संपदाने सोडून ठेवलेली, तशीच.

मामा घाबरले नाहीत. कारागीर माणूस. आधी बंद करू, मग बघू. ते लाल बटणाकडे धावले.

बटण आधीच दाबलेलं होतं.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. मामी.

"अहो, तिचा श्वास बघा ना कसा येतोय. ऐका, ऐका जरा." मामींनी फोन मास्कजवळ नेला असावा.

मामांनी एका कानाने फोन ऐकला.

दुसऱ्या कानाने शेड.

फुस्स…

दोन्हीकडे एकच आवाज होता. एकाच वेळी.

नळीचं शेवटचं टोक फीडरमधून सुटलं. जबडे उघडले. उघडेच राहिले.

"थांबला!" मामी किंचाळल्या. "अहो, श्वास थांबला तिचा! डॉक्टर! डॉक्टरसाब!"

मामांनी विचार केला नाही. विचार करण्यासारखं काही नव्हतंच. कोपऱ्यातली नवी नळी उचलली आणि फीडरमध्ये खुपसली.

पकड.

"आला… आला हो. आला."

~

नळी पुढे.
पकड.
भोक.
नळी पुढे.
पकड.

~

कोपऱ्यात नळ्यांचा छोटा गठ्ठा होता. तो संपत आला.

मामा घरात धावले. हॉलच्या पडद्याचा रॉड ओढून काढला, भिंतीचं प्लॅस्टर घेऊन आला. फीडरमध्ये. मग टॉवेलचा दांडा. मग कपडे वाळत घालायच्या स्टँडचे तुकडे, करवतीने कापून. एक तुकडा आत जाईस्तोवर दुसरा कापायचा. हात रक्ताळले.

तोंडाने एकच चाललं होतं. "थांब हं बाळा. आणतो. आणतो मी."

मग घर संपलं.

ते कुंपणावरून ओरडले, "भाभीजी! आपके परदों की डंडी दो!"

शेजारच्या भाभी दारात आल्या. मामांच्या हातात करवत, शर्ट घामाने चिकटलेला.

"क्या हो गया फौजी साहब? भरी दोपहरी में परदे बदल रहे हो?"

"भाभीजी, बिटिया की साँस का सवाल है. अभी दो."

भाभींचा चेहरा उतरला. त्यांनी घरातले सगळे रॉड, पडद्यांसकट, कुंपणावरून टाकले. पडदे सोडवायलाही मामा थांबले नाहीत, फाडले.

तेही संपले.

~

नळी नाही.
नळी नाही.

~

जबडे उघडे. फोन चालूच होता, स्टुलावर. त्यातून मामींचं रडणं येत होतं. बाकी काही येत नव्हतं.

मामांनी शेडभर पाहिलं. पत्रा, विटा, लाकूड. गोल काही नाही. लांब काही नाही.

मग त्यांनी बाही वर केली…

आणि स्वतःचं मनगट जबड्यांत ठेवलं.

जबडे मिटले.

मामा सांगतात, हाड मोडणार याची तयारी होती. दात आवळले होते. पण मोडलं नाही. रबर ऊन होतं. अंगासारखं ऊन. आणि पकड… लहान असताना संपदा रस्ता ओलांडायला हात धरायची, घट्ट पण घाबरलेली, अगदी तशी.

वरून ड्रिल खाली आलं. फिरत फिरत.

मामांनी डोळे मिटले. हात काढला नाही.

ड्रिल कातडीपाशी थांबलं. तिथेच फिरत राहिलं.

फुस्स.

आणि फोनमधून मामींचा आवाज, कुजबुजल्यासारखा. "अहो… डोळे उघडले हो तिने."

~

संपदा घरी आली. ठणठणीत. भिंतींवर पडदे नाहीत हे बघून आधी हसली, मग कारण ऐकून आणखी हसली.

पण मशीन थांबलं नव्हतं. त्या दुपारी भाभींनी बाजारातून नळ्या आणून दिल्या, तेव्हा कुठे मामांचा हात सुटला होता.

ती शुद्धीवर आल्यापासून त्याचा वेग मंदावला होता, तिच्या श्वासासारखाच. एक नळी पुष्कळ वेळ पुरायची. तरी संपायचीच. मामा शेडमध्ये खाट टाकून झोपायचे. झोपायचे कसले, पडायचे. डुलकी लागली की दचकून उठायचे. मामी सांगतात, त्या उन्हाळ्यात हा माणूस अर्धा झाला.

म्हणून त्यांनी मशीनला आणखी एक जोड दिली. वर उतरता ट्रे बसवला. एक नळी संपली की दुसरी आपोआप घरंगळत खाली यावी, फीडरच्या तोंडाशी पडावी. ट्रे लांब करत नेला. शेडच्या बाहेर, अंगणापर्यंत.

एवढंच, की बापाला झोप मिळावी.

"बाबा, सच में? मी नळ्यांवर चालते?" संपदा वैतागायची. "मी पुण्याला जॉब घेते, मग काय कराल? डॉक्टरने सांगितलंय ना, लू होती. ठीक झाली. बंद करा ते. मीच करते, हटा."

"हात लावू नको."

"एकदा बंद करून तर बघू!"

"संपदा." मामा तिच्यावर कधी ओरडले नव्हते. त्या दिवशीही ओरडले नाहीत. हात जोडले.

ती चिडून निघून गेली. मैत्रिणींबरोबर राजा पार्कला, चाट खायला.

आणि ट्रेमध्ये एक वाकडी नळी अडकली.

मामा न्हाणीघरात होते. आवाज थांबलेला त्यांना कळला तेव्हा ओल्या अंगाने धावले, हातोडी मारून नळी सोडवली. पकड आली. फार वेळ गेला नसेल. पण गेला.

त्यांनी फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला. नाही.

संध्याकाळी गेट वाजलं.

संपदा आत आली. चेहऱ्यावर रंग नव्हता. ओढणीला चाटचं पाणी सांडलेलं. शेडमध्ये गेली, ट्रेजवळ उभी राहिली, जबडे मिटताना-उघडताना बघत राहिली.

मग पुन्हा स्कूटी काढून गेली.

परत आली तेव्हा स्कूटीला अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा भारा बांधलेला होता.

"बाबा, ह्या सीधी आहेत सगळ्या," ती म्हणाली. "एक एक लोळवून बघितली दुकानात."

राजा पार्कला काय झालं, ते तिने आजवर सांगितलेलं नाही. मामांनी विचारलेलं नाही.

~

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. मशीन पाहिलं. प्लग काढलेला, वायर गुंडाळून खिळ्याला टांगलेली.

फुस्स.

खट.

रात्री मला झोप लागली नाही. भिंतीपलीकडून तो आवाज यायचा, आणि माझाही श्वास नकळत त्याच्याबरोबर जाऊ लागायचा.

निघताना संपदा गेटपर्यंत सोडायला आली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मामांची तब्येत कशी आहे गं आता?"

तिने मागे पाहिलं. मामा अंगणात उकिडवे बसून नळ्या पुसत होते. केस सगळे पांढरे झालेत त्यांचे.

"दादा," ती हळूच म्हणाली, "बाबा आहेत तोपर्यंत ठीक आहे. पण नंतर… मी झोपल्यावर नळी अडकली तर कोण सोडवणार?"

रिक्षावाला हॉर्न देत होता.

मी रिक्षात बसलो. मागे वळून पाहिलं नाही.