वय काय, गाव कुठलं

फोन वाजला आणि कुणीतरी धापा टाकत म्हणालं, "लॅब? बाळाच्या रक्तात एक एन्झाइम दुप्पट आलंय. रिपोर्टवर आकड्याशेजारी लाल तारा आहे."

"वय?"

"माझं? एकोणतीस."

"बाळाचं हो."

"चार महिने."

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी. पण गळा पैलवानाचा आहे."

मी हसू दाबलं. आमच्या नव्या मशीनमध्ये मोठ्या माणसांच्याच मर्यादा भरलेल्या, त्यामुळे ते दिसेल त्या तान्ह्याला लाल तारा चिकटवायचं. तान्ह्यांची हाडं भराभर वाढतात, म्हणून हे एन्झाइम त्यांच्या रक्तात चढलेलंच असतं. वयाप्रमाणे ते बदलतं, मुलगा-मुलगी असाही थोडा फरक पडतो. आमच्या वावाऊ बेटावरच्या निरोगी बाळांचं रक्त तपासून नव्या मर्यादा बसवायचं काम माझ्याकडेच होतं.

"आजार नाही, डॉक्टर. वाढ आहे."

"हे छान बोललात," तो म्हणाला, आणि... फोन काही ठेवेना.

हा मानासे, हापाई बेटांवरून आलेला लहान मुलांचा नवा डॉक्टर. मग रोज फोन. रोज तेच एन्झाइम, तोच तारा. एवढा शिकलेला माणूस, आणि डोक्यात शिरत कसं नाही? तरी फोन वाजला की मी आधी केस सारखे करायची. फोनवर केस कुणाला दिसतात, ते मला विचारू नका.

एकदा तो स्वतःच नमुना घेऊन लॅबच्या खिडकीशी आला. उंच, सावळा, आणि हसला की गालावर खळी... माझ्या हातातली नळी पडता पडता वाचली.

"लोसालिने, तुमचं गाव कुठलं?"

"लेइमातुआ."

खळी गायब. "माझी आजीपण लेइमातुआची," तो पुटपुटला, नमुना ठेवला आणि चालता झाला.

संपलं. एका गावचे म्हणजे कुठूनतरी नातं निघणारच. आमच्याकडे चुलत, मामे, आते, कितीही लांबची असो, बहीण ती बहीणच. तिची थट्टा करायची नाही, तिच्यासोबत एका खोलीत बसायचंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून नर्सचा फोन. "डॉक्टर विचारतायत, ताईंच्या मते बाळ ठीक आहे ना?"

ताई म्हणे. मला रडू आलं. गाव विचारलंच कशाला मेल्यानं?

त्यात आत्याचा हुकूम सुटला, "शनिवारी कावाची बैठक आहे, तू वाढायला बस." आत्याला नाही म्हणायची आमच्याकडे सोय नाही. कावा म्हणजे मुळ्या कुटून पाण्यात कालवलेलं आमचं पेय; तो वाढणाऱ्या मुलीला गोल करून बसलेल्या पुरुषांनी मनसोक्त चिडवायचं असतं. पण ती कुणाची बहीण लागत असेल, तर त्यानं त्या गोलात बसायचं नाही.

शनिवारी संध्याकाळी मी तोंड पाडून कावा ढवळत होते.

"पोरीनं यात पाणी घातलंय की आसवं?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

तेवढ्यात दारात मानासे. तो आता मागे फिरणार, माझ्या डोळ्यांदेखत फिरणार, आणि मग सगळं कायमचं संपणार... मी मान खाली घातली.

चटई करकरली. तो माझ्या अगदी समोर मांडी घालून बसला होता.

"डॉक्टर, ही तुमची बहीण ना?" म्हाताऱ्यानं खाकरून विचारलं.

"नाही. बोटीनं हापाईला जाऊन माझ्या आत्याला विचारून आलो. आजी लेइमातुआत फक्त शाळेसाठी राहिली होती." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "लाल तारा दिसला की... नीट तपासून घ्यावं."

मी करवंटी भरून पुढे केली. त्यानं घेतली, पण हात असा थरथरत होता की निम्मा कावा त्याच्याच मांडीवर सांडला.

"ते एन्झाइम तुम्हाला खरंच कळत नव्हतं?"

"पहिल्या फोनलाच कळलं होतं."

"मग पुढचे फोन?"

"तुमच्या आवाजासाठी." तो कानापर्यंत लाल झाला. "हात थांबत नाहीये... काही आजार तर नसेल?"

"वय?"

"एकोणतीस."

"मुलगा की मुलगी?"

म्हातारे हसून हसून एकमेकांवर कलंडले. मी करवंटी पुन्हा भरली आणि या वेळी सोडली नाही, त्याच्या हातासकट धरून ठेवली.

"घाबरू नकोस," मी म्हटलं. "आजार नाही. वाढ आहे."