ओली बाही

सोमवार म्हणजे तुरुंगाची रांग. इन्शिराहबाई उजाडताच तांदूळ भरून वांगी शिजवायच्या, डबा फडक्यात बांधायच्या आणि कैरोच्या टोकाला त्या फाटकापाशी उन्हात उभ्या राहायच्या. भेट कधीच मिळाली नाही. पहारेकरी एकेका वांग्यात सुरी खुपसून बघायचा, डबा आत जायचा आणि मळक्या कपड्यांची पिशवी बाहेर यायची. पिशवी आली की पोरगा जिवंत आहे, एवढं कळायचं.

पोरगा त्यांचा नव्हता. मुइझ त्यांचा भाडेकरू. ट्युनिसहून इथल्या गिरणी कामगारांवर प्रबंध लिहायला आलेला. चार प्रश्न जास्त विचारले आणि उचलला गेला. तिकडे त्याची आई फोनवर रडायची. "तुमचा मुलगा मी तुमच्या हवाली करीन," असा शब्द इन्शिराहबाई देऊन बसल्या होत्या, आणि आता त्यांचे पाय बोलायला लागले होते.

वाचताना सदऱ्याच्या डाव्या बाहीची कड चघळायची, ही मुइझची खोड. "उपाशी ठेवते का रे मी तुला?" असा टोमणा त्या मारायच्या. तुरुंगातून येणाऱ्या प्रत्येक सदऱ्याची ती कड चघळलेली असे. धुताना बाईंना तेवढाच धीर वाटे.

मग एका शुक्रवारी तो दारात उभा राहिला. सोडलं होतं त्याला. पार हडकला होता, पण भुवईवरचा व्रण तोच, हसणंही तेच. बाई त्याला कवटाळून पोटभर रडल्या. शनिवारभर तो पुस्तक घेऊन बसला. बाहीची कड कोरडीच राहिली. आत राहून माणसाच्या सवयी सुटत असतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. त्याचं विमान सोमवारी दुपारी होतं.

सोमवारी सकाळी त्या त्याचे राहिलेले कपडे आणायला रिकाम्या हातांनी फाटकावर गेल्या.

"डबा कुठंय, खाला?" पहारेकऱ्याने विचारलं. मुइझसारखाच तोही त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा.

"आता कसला डबा? पोरगा घरी आलाय."

"घरी?" तो हसला. "अहो, सकाळपासून डोकं खाल्लंय त्याने माझं. वांगी आली का, वांगी आली का!"

"म्हाताऱ्या बाईची थट्टा करतोस?"

त्याने पिशवी पुढे केली. आत गेल्या सोमवारी दिलेला निळा सदरा होता. डाव्या बाहीची कड चघळलेली.

बोट लावलं. ओली होती.

घरी मुइझ बॅग भरून तयार होता. हातात फोन, फोनवर आई. बाईंच्या हातातली पिशवी त्याने पाहिली आणि फोनवर तळवा ठेवला.

"आईला यातलं काही सांगू नका, खाला," तो हलकेच म्हणाला. "फार थकलीय ती."

त्याने फोन त्यांच्या हातात दिला.

"इन्शिराहताई, निघाला ना हो माझा मुइझ?"

बाईंनी पिशवी काखेत घट्ट धरली.

"निघाला," त्या म्हणाल्या.

टॅक्सी वळेपर्यंत तो हात हलवत होता. मग बाईंनी सदरा भिजत घातला आणि तांदूळ धुवायला घेतले. तिकडे फाटकाआड मुइझ सकाळपासून उपाशी होता.