माझी हरकत आहे

साकेत मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या गळ्यात वकिलाचा पांढरा बँड नव्हता. जानेवारीचं धुकं दिल्लीच्या त्या दिवाणी कोर्टाच्या जिन्यापर्यंत आलं होतं आणि काळ्या कोटातला हा उंच मुलगा खिसे चाचपत पुटपुटत होता, "मेलो आज!"

कोर्टात मराठी? मी माझा जादा बँड पुढे केला. तो त्याला काही केल्या बांधता येईना, म्हणून शेवटी मीच बांधला. माझी बोटं उगीचच जरा रेंगाळली...

"थँक यू यार. मी साकेत."

"रेवती."

आत गेल्यावर कळलं, आम्ही एकाच खटल्यात होतो, समोरासमोर! माझ्या सरांचे पक्षकार राजाभाऊ, पहाडगंजच्या मराठी शाळेतले निवृत्त मास्तर. त्यांच्या घरातला भाडेकरू नऊ वर्षं हलत नव्हता. साकेत त्या भाडेकरूच्या वकिलांचा ज्युनिअर. राजाभाऊंची उलटतपासणी व्हायची होती, पण साकेतने मुदत मागितली. त्याचे सर दुसऱ्या कोर्टात होते.

"हरकत नाही," मी म्हणाले.

मार्चमध्ये सावर फुलली तेव्हाही तेच, मे महिन्यात बहावा पिवळा झाला तेव्हाही तेच. बँड परत आणायला तो दर वेळी विसरायचा. आणि मी? महिनाभर त्या तारखेची वाट बघायचे.

"पाच वर्षं कायदा शिकलो," चहा पिताना तो म्हणाला, "आणि येतं काय, तर मुदत मागायला! सोनीपतच्या एका लॉ कॉलेजात शिकवायला बोलावलंय."

"काय शिकवशील?"

"मुदत न मागता खटला कसा चालवायचा ते."

"अच्छा! आधी तू शीक."

जुलैत त्याच्या सरांनी उलटतपासणी त्यालाच करायला सांगितली होती. फाइल तयार होती. तो हळूच म्हणाला, "आज संपवलं तर... पुढच्या महिन्यात तू कुठे भेटणार?" त्याने मुदत मागितली. मी लाजले आणि म्हणाले, "हरकत नाही."

बाहेर बाकावर राजाभाऊ डबा पिशवीत ठेवत होते. साकेत माझ्या मागेच उभा होता.

"रेवती, तीस वर्षं शिकवलंय मी. वर्गात चिठ्ठ्या फिरायला लागल्या की मला कळायचं." ते हसले. "प्रेम करा बाळांनो. पण माझ्या तारखांवर नको. मी एक्याऐंशीचा आहे."

मला मान वर करवेना. साकेतचाही चेहरा उतरला होता.

पुढच्या तारखेला तो उभा राहिला आणि म्हणाला, "आम्ही तयार आहोत." चाळीस मिनिटांत उलटतपासणी संपली. फक्त चाळीस! दिवाळीआधी निकाल लागला आणि राजाभाऊंना त्यांचं घर मिळालं.

त्याच जिन्यावर साकेतने बँड परत केला, इस्त्री करून. मला रडूच यायला लागलं. आता भेटायला कुठलंच कारण उरलं नव्हतं.

"सोमवारपासून सोनीपत," तो म्हणाला. "मुलांचा पहिला धडा ठरलाय. दिवसभर कोर्टात, मागच्या बाकावर, पक्षकाराशेजारी बसायचं."

"छान आहे."

"रेवती... एक विचारायचंय. पण आज नको... थोडी मुदत दे—"

"माझी हरकत आहे," मी म्हणाले.

तो बघतच राहिला. मग त्याने विचारलं, तिथेच, सगळ्या काळ्या कोटांच्या गर्दीत. माझं उत्तर जानेवारीपासून तयार होतं.